बँकॉकची वही

बत्तीस वर्सं संसार केला, पण आमच्या मालकांनी मला फिरायला म्हणून कराडच्या संगमापलीकडं कवा न्हेलं न्हाई. महाबळेश्वर म्हणाल तर त्ये मी कॅलेंडरवर बगितलंय. आन् ह्योच माणूस दिवाळी झाल्यावर एका सकाळी चहाची बशी खाली ठिवून म्हणतो, बनू, आपण दोघं बँकॉकला जाऊन येऊ. मी आधी त्येंच्या कपाळाला हात लावला. ताप न्हवता. मंग मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुमी म्हणाल, बाई लय संशयी हाय. व्हय, हाय. आमी गलाईवाली माणसं. सोनाराकडचं मोडीचं सोनं-चांदी भट्टीत आटवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं आन् किती कसाचं निघालं त्ये सांगायचं, ह्यो आमच्या विट्याकडच्या माणसांचा धंदा. हितल्या माळावर काय पिकत न्हवतं, म्हणून बाप्ये मुलूखभर पांगलं. कोण केरळात, कोण बंगालात, आमचं मालक मदुराईला. ह्या धंद्यात पयला धडा एकच, पिवळं दिसलं म्हणून सोनं म्हणायचं न्हाई. आधी दगडावर घासायचं, मंग बोलायचं. मालक तिकडं सोनं घासत बसलं, मी हिकडं माणसं घासत बसले.

न बसून करते काय? बाप्या वर्सातनं दोनदा गावाला येणार, एकदा दिवाळीला आन् एकदा जत्रंला. मधल्या महिन्यांत त्यो तिकडं कुणाच्या हातचं जेवतो, त्ये हितनं म्हशीची धार काढत कसं कळावं? आमच्याच आळीत एक गलाईवाला वारला, तर त्येच्या धाव्याला, दहाव्या दिसाच्या पिंडाला, कोइमतूरची एक बाई दोन पोरं घिऊन हजर. पोरांची नाकं बगितली आन् आख्खा गाव समजला. हितल्या बायकूनं अठरा वर्सं त्या माणसाच्या नावानं उपास धरलेलं. त्या दिसापासनं आमच्या आळीतली एक बी बाई गाढ झोपली न्हाई.

आता दुसरी गोष्ट बी सांगून टाकते, म्हंजे मागनं मी लपवलं आसं कुणी म्हणायला नको. मला एक लेक हाय, उत्कर्षा, ती कराडला इंजिनेरिंग कॉलेजात शिकवती. आन् एक पोरगा हाय, जयराज. सात वर्सं झाली, त्येचं नाव मी घरात घेतलं न्हाई. त्यो बापाबरोबर मदुराईच्या दुकानात व्हता. एक दिवस एका सोनाराची पाच तोळ्याची लगड, सोन्याची कांडी, मेजावरनं गेली. त्या वक्ताला दुकानात जयराज एकटा. मी रेल्वेत बसून मदुराई गाठली आन् समद्यांच्या देखत त्येची बॅग उपडी केली, उशी फाडली, चपलीचा तळ सुद्धा उसवला. काय गावलं न्हाई. तरी मी म्हणाले, गावलं न्हाई म्हंजे घेतलं न्हाई आसं न्हवं. त्येनं उसवलेल्या चपला गोळा करून बॅगेत घातल्या. दुसऱ्या दिशी निघून गेला. गुजरातेत हाय, आसं उत्कर्षा एकदा म्हणलीती, मी तिला पुढं बोलू दिलं न्हाई.

गेल्या शिमग्याला मालकांनी मदुराईचं दुकान मोडलं आन् कायमचं घरी आलं. बरं वाटलं. म्हणलं, आता तरी माणूस डोळ्यापुढं ऱ्हाईल. पण घरी आल्यापासनं त्येंचं चित्त थाऱ्यावर न्हवतं. जेवता जेवता घास हातात ऱ्हायचा. फोन आला की उठून उसाच्या बांधाला जायचं. मी मागनं गेले की फोन बंद. कुणाचा व्हता म्हणून इचारलं की ठरलेलं उत्तर, कंपनीचा. आता दुकान मोडलेल्या माणसाला कंच्या कंपनीचा फोन येतो?

आन् त्यात ही बँकॉकची टूम निघाली. तिकिटं उत्कर्षानं काढली. पासपोर्ट झालं. मी मालकांचा पासपोर्ट हळूच काढून पान अन् पान बगितलं. कोरं करकरीत, एक शिक्का न्हाई. म्हणलं, जुना फाडून टाकला आसंल.

मंग मालकांनी विट्यातनं एक चाळीस पानी वही आणली. रोज दुपारी जेवण झालं की सोप्यात बसायचं, चष्मा लावायचा आन् मला बँकॉक शिकवायचं. शाळेत मास्तर पाढं म्हणून घेत्यात तसं माझ्याकडनं म्हणून घ्यायचं. विमानतळावर उतरलं की दारातच माणसं आडवी येत्यात, टॅक्सी टॅक्सी म्हणत. त्येंच्याकडं बगायचं बी न्हाई. खालच्या मजल्यावर यंत्र आसतं, त्येचं बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी येती, त्या नंबराच्या टॅक्सीत बसायचं. मीटर पाड म्हणायचं, न्हाई पाडला तर उतरायचं. चिठ्ठी टॅक्सीवाला मागतो, त्येला द्यायची न्हाई, भांडण झालं तर तीच कामाला येती. विमानतळावर पैसं थोडंच बदलायचं, बाकीचं शहरात गेल्यावर. हॉटेलचं कार्ड तिकडच्या अक्षरात लिहिलेलं आसतं, त्ये बटव्यात ठिवायचं, चुकामूक झाली तर कुणालाबी दाखवायचं.

मी ऐकत व्हते. ऐकताना भाजी निवडत व्हते, पण माझं ध्यान त्येंच्या तोंडाकडं.

राजवाडा बगायला जाताना खांदं आन् गुडघं झाकलेलं पायजेत, लुगडं चालतं. राजवाड्याच्या बाहेर एक चांगल्या कापडातला माणूस भेटणार, हसून सांगणार, आज राजवाडा बंद हाय, चला मी तुमास्नी दुसरीकडं न्हेतो. त्यो खोटं बोलतोय आसं समजायचं. त्येच्या रिक्षात बसलं की त्यो खड्यांच्या दुकानात न्हेऊन सोडतो आन् काचंचा तुकडा माणिक म्हणून गळ्यात मारतो. देवळाच्या उंबऱ्यावर पाय द्यायचा न्हाई. बुद्धाकडं पाय करून बसायचं न्हाई. आन् कुणाच्या लेकराच्या डोक्यावरनं हात फिरवायचा न्हाई, तितं त्ये वाईट समजत्यात. नदीतनं लाँच जात्यात, त्येंच्या झेंड्याचा रंग बगून चढायचं, नारिंगी झेंडा आपला, निळा झेंडा म्हंजे फिरायला आलेल्यांची म्हाग लाँच. आन् जेवायला पिवळा झेंडा बगायचा. त्येच्यावर तांबडं अक्षर आसलं की त्या गाड्यावर मासं-मटण नसतं. बाकी समद्या कालवणात मासळीचं पाणी आसतं, दिसायला भाजी आसली तरी.

म्हणलं, तुमास्नी ह्ये समदं कुणी सांगितलं? तर म्हणालं, फोनवर बगितलं. आता आमच्या मालकांचं फोनचं ज्ञान सांगते. कुणी गुलाबाच्या फुलाचा फोटू धाडला तर त्यो पुढं कसा धाडायचा, त्ये शेजारच्या पोरीला इचारत्यात. आन् ह्येंनी म्हणं फोनवर बँकॉकचं झेंडं बगितलं.

मी धंद्यातली बाई. सोन्याचा संशय आला तर एकदाच घासून भागत न्हाई, जागा बदलून घासायचं. चार दिस जाऊ दिलं आन् उलटीकडनं इचारलं. समदी उत्तरं तीच. मंग एक दिवस वहीत नसलेलं इचारलं. म्हणलं, त्या लाँचच्या धक्क्यावर बसायला काय हाय का, का उभंच ऱ्हायचं? मालक वही न बगता म्हणालं, लाकडी बाकडं हाय, पण दुपारी त्येच्यावर ऊन येतं. बसायचं तर सकाळी नऊच्या आत बसायचं.

माझ्या हातातली मेथी हातातच ऱ्हायली. दुपारचं ऊन कुठल्या बाकड्यावर येतं, ह्ये फोनवर दिसत न्हाई. त्ये तितं बसणाऱ्यालाच ठाव आसतं. कुणीतरी त्या बाकड्यावर रोज बसतंय आन् आमच्या मालकांस्नी सांगतंय. न्हाईतर मालकच कवातरी तितं बसून आल्यात, मदुराईला हाय मदुराईला हाय म्हणून मला सांगत.

माझी चुलत जाऊ रंगुबाई. तिच्या कानावर घातलं. ही बाई आगीत तेल घालायला कवाच कमी पडत न्हाई. ती म्हणाली, बाप्ये बँकॉकला कशाला जात्यात त्ये विट्यातल्या कुठल्याबी पोराला इचार. म्हणलं, आगं पण बायकूला संगं घिऊन कोण जातं? तर ती डोळं बारीक करून म्हणाली, तुला तिची वळख करून द्यायला न्हेत आसंल. हातपाय थकलं, आता दोघींनी मिळून बगा म्हणंल. ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. घरी आले आन् पयल्यांदा जमिनीची कागदं पेटीतनं काढून ज्वारीच्या कणगीत खाली घातली.

मंग मदुराईच्या दुकानातल्या धुळाला फोन लावला. धुळा आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरचा, वीस वर्सं आमच्या भट्टीवर व्हता, आता तितंच दुसऱ्याच्या दुकानात हाय. खोटं बोलायला गेला की त्येची जीभ अडखळती, म्हणून मुद्दाम त्येलाच लावला. सरळ इचारलं, मालक कवा बँकॉकला गेलतं का रं? त्यो न्हाई म्हणाला, लगीच म्हणाला. मंग इचारलं, तितं त्येंचं कोण हाय? धुळा गप. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मंग म्हणाला, वैनी, दुकान मोडल्या दिसापासनं मालक लय रडल्यात, तुमी त्येंच्यावर रागावू नका, पण मला इचारू नका, त्येंस्नीच इचारा. आन् फोन ठिवला. घ्या. म्हंजे हाय. कोणतरी हाय, आन् तिच्यापायी ह्यो माणूस रडतोय. माझ्यापायी बत्तीस वर्सांत कवा डोळ्यात पाणी आणलं न्हाई.

उत्कर्षाला फोन केला तर ती आधी हसली, आई तू म्हंजे ना, म्हणाली. मंग हसणं थांबवून म्हणाली, आई, एकदा गुमान जा की गं, काय इचारू नकोस. पोटची पोरगी सुद्धा बापाला सामील. समद्यांस्नी ठाव, फकस्त मीच येडी.

त्या रात्री मी जेवले न्हाई. कुणी इचारलं न्हाई, त्येचा बी राग आला.

जायला आठ दिस ऱ्हायलं आन् मालक माझ्यासाठी मऊ तळाच्या चपला आणायला विट्याला गेलं. कवा न्हवं त्ये चपला. वही फळीवर ऱ्हायलीती. तोवर मी वही हातात घेतली न्हवती, त्येंनीच वाचायचं आन् मी ऐकायचं. म्हणलं, बगू तरी, वाचताना काय गाळत्यात त्ये.

अक्षर त्येंचंच, पेनातनं ठळक काढलेलं. टॅक्सी, राजवाडा, झेंडं, समदं ऐकलेलंच. पण मधी मधी ओळी व्हत्या, ज्या मला कवा वाचून दाखवल्या न्हाईत. जिना उतरताना तिचा गुडघा दुखतो, तिला उजव्या बाजूनं हात द्या, डावा धरला की ती झिडकारती. गाडीत काच थोडी खाली ठिवा, बंद गाडीत तिला मळमळतं. चहा सांगताना साखर वेगळी मागा, तिला दुसऱ्यानं घातलेली साखर कवा पटत न्हाई. उपाशी आसली की भांडती, तवा पिशवीत शेंगदाण्याची चिक्की ठिवा. आन् एका जागी लिवलं व्हतं, राजवाड्यापुढच्या ठगाची काळजी करू नका, तिच्याशी गाठ पडली तर त्योच रस्ता बदलंल.

माझं डोस्कं फिरलं. म्हंजे ह्या माणसानं माझं समदं गुपित, माझा गुडघा, माझी मळमळ, माझी भूक, त्या बयेला सांगून ठिवलंय. आन् ती तितं बसून माझी काळजी करतीया. सवत ती सवत, आन् वर माझ्यावर दया करती. कानामागनं आली आन् तिखट झाली. भांडली आसती तरी चाललं आसतं, पण ही माझ्या साखरेचा बेत करतीया.

शेवटच्या पानावर एवढंच व्हतं. चौथा दिवस मोकळा ठिवा. सकाळी आठ वाजता तिला धक्क्यावरच्या बाकड्यापाशी आणा. तुमी लांब थांबा. पुढं तिची मर्जी.

तिची मर्जी म्हणं. मी वही छातीशी धरून उंबऱ्यात बसले. मालकांची वाट बगत दीड तास बसले. शेजारची दोन माणसं काय झालं म्हणून इचारून गेली, मी त्येंस्नी हातानंच वाटेला लावलं. एवढ्या वेळात मी ठरवून टाकलं व्हतं, काय काय बोलायचं, कुणाला बोलवायचं, कुठली भांडी माझी आन् कुठली त्येंची.

मालक आलं, चपलांचं खोकं हातात. मी वही त्येंच्या पायापाशी टाकली.

"तिचं नाव सांगा."

त्येंनी वहीकडं बगितलं, मंग माझ्याकडं. त्येंस्नी काय कळंना. म्हणालं, कुणाचं नाव? मी म्हणाले, जी त्या बाकड्यावर बसती तिचं. बत्तीस वर्सं हितं शेण काढलं म्या, आता म्हातारपणी मला तिच्यापुढं न्हेऊन उभी करणार, आन् वर तिची मर्जी. धाव्याला येण्यापरीस आधीच वळख करून देताय, एवढं तरी केलंत म्हणायचं.

मालक खाली बसलं. खोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं आता पाया पडणार. पण त्येंच्या तोंडावर जे आलं त्ये चोरी उघडी पडल्याचं न्हवतं. माणूस आभाळभर दमलेला आसतो तसं व्हतं.

"जया हाय त्यो," म्हणालं. "आपला जया."

सात वर्सांनी त्ये नाव आमच्या सोप्यात ऐकलं.

मंग त्येंनी समदं सांगितलं, माझ्याकडं न बगता. गलाईवाला दुकान सोडताना तितली जमीन उकरतो, ही आमची रीत हाय. वर्सानुवर्सं सोन्याचं कण मातीत गेल्यालं आसत्यात, म्हणून फरशी काढायची, खालची माती पोत्यात भरायची, धुवायची आन् आटवायची. मदुराईचं दुकान मोडताना तशीच उकरली. भट्टीच्या कट्ट्याखाली, फरशीच्या फटीतनं आत गेल्याली, सोनाराची लगड निघाली. पाच तोळ्याची, जशीच्या तशी. धुळा तितंच व्हता. मालक मातीतच बसून ऱ्हायलं म्हणं.

ज्या धंद्यात झाडलेला केर टाकत न्हाईत, जुनी चटई जाळून तिची राख धुत्यात, त्या धंद्यातल्या माणसांनी पोराची चप्पल उसवली, पण फरशी न्हाई काढली. मालक म्हणालं, तू निदान त्येच्या तोंडावर बोललीस. मी बापच व्हतो, मी न इचारताच मनात ठरवून टाकलं.

त्येंनी जयाचा नंबर उत्कर्षाकडनं घेतला. त्यो गुजरातेतनं कवाच बँकॉकला गेलता, चांदीच्या दागिन्यांच्या कारखान्यात शुद्ध करायचं काम बगतो. कारखाना नदीकाठाला हाय, कामाच्या आधी धक्क्यावर बसून चहा पितो. मालकांनी त्येला सांगितलं, सोनं गावलं, बाळा, आता घरी ये. त्यो यीना. लय दिस फोन उचलला न्हाई. मंग एकदा उचलला आन् बोलला.

मी म्हणाले, काय बोलला?

मालकांनी चपलांचं खोकं खाली ठिवलं. म्हणालं, सांगू नको म्हणालता त्यो, मी शबूद दिलाय. मी म्हणाले, सांगा. आता काय ऱ्हायलंय.

"त्यो म्हणाला, बाबा, आईला सोनं गावल्यालं सांगू नका. गावलं म्हणून ती येणार आसंल तर मला नको. तिला नुसती फिरायला म्हणून आणा. मी त्या बाकड्यावर बसतो. मला बगून, काय बी ठाव नसताना, ती माझ्याजवळ बसली तर मला बास. न्हाई बसली तर तिला राजवाडा दाखवून परत न्ह्या."

जयानं फोनवर सांगितलेली आन् मालकांनी लिवलेली ती वही मी उचलली. पुढं तिची मर्जी, ही ओळ पुन्यांदा बगितली. तिची म्हंजे माझी. त्यो माझ्यासाठी एक जागा मोकळी ठिवून बसला व्हता, बिन पुराव्यानं बसायची. सात वर्सांत एवढंच मागितलं त्येनं. आन् मी आठ दिस आधी, माझ्या हातानं, ती जागा घालवली. नवऱ्यावर संशय घिऊन पोराचं गुपित ओरबाडून काढलं. सात वर्सांमागं बॅग उपडी केली तशीच आज वही उपडी केली.

मी रडले. मी कुणापुढं रडणारी न्हवं, पण सोप्यात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यास्नी दिसंल आसं रडले. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठिवला, मी झिडकारला न्हाई.

मंग मालकांनी एक वाट काढली. म्हणालं, त्येला काय सांगायचं न्हाई. तुला काय ठाव न्हाई आसं धरून चल. चौथ्या दिशी बाकड्यापाशी जा आन् त्येच्याजवळ बस. पोराचं समाधान व्हईल, तुझं बी व्हईल. कुणाचं काय बिघडतंय? उत्कर्षाला फोन केला, ती बी रडत म्हणाली, आई, तसंच कर, त्येला कवाच कळणार न्हाई.

मी दोन दिस त्येचाच इचार केला. मनातल्या मनात त्या बाकड्यापर्यंत चालत गेले. त्येच्याजवळ बसले, त्येच्या केसातनं हात फिरवला, आन् त्यो रडला. लय ग्वाड वाटलं. पण दर बारीला बसताना मला ठाव आसायचं की लगड गावलीया. त्यो समजणार आईनं पुराव्याबिगर पदरात घेतलं, आन् माझ्या पदरात पाच तोळ्याचा पुरावा बांधलेला. म्हंजे सोनं म्हणून मी त्येच्या हातात पितळ द्यायचं. आन् त्ये पितळ त्यो जन्मभर जपणार. एवढी फसवणूक मला त्या राजवाड्यापुढच्या ठगाची बी वाटंना.

तिसऱ्या दिशी सकाळी मालकांस्नी म्हणाले, त्येला फोन लावा. मालक नको नको म्हणत व्हतं. मी म्हणाले, लावा. त्येंनी लावला आन् माझ्या हातात दिला.

तिकडनं त्यो म्हणाला, बोला बाबा. सात वर्सांनी ऐकला त्येचा आवाज. जाड झालाय, बापासारखा झालाय.

मी म्हणाले, "जया, मी हाय."

तिकडं मागं लाँचचं इंजिन वाजत व्हतं. मंग त्येनं इचारलं, एकच इचारलं, "बाबांनी तुला सांगितलं?"

न्हाई म्हणायला एक शबूद लागतो. माझ्या जिभेवर आलाता. मालक माझ्याकडं बगत मान हलवत व्हतं, न्हाई म्हण, न्हाई म्हण.

"व्हय," मी म्हणाले. "सोनं गावल्यालं मला ठाव हाय. त्येंनी आपणहून सांगितलं न्हाई, मी त्येंच्यावर नको त्यो आळ घेतला, तवा सांगावं लागलं."

त्यो हळूच म्हणाला, म्हंजे तू खात्री करूनच येणार.

"व्हय, बाळा. खात्री करूनच येणार. बिन खात्रीचं मला जमलं न्हाई. तुझ्या वक्ताला जमलं न्हाई, तुझ्या बापाच्या वक्ताला बी जमलं न्हाई. तुला जी आई पायजे व्हती ती मी न्हवं. जी हाय ती येऊ का, एवढंच इचारायला फोन केला."

मी फोन कानाला दाबून धरला. लाँच लांब गेली आसंल, इंजिनाचा आवाज बारीक बारीक झाला. त्यो फोन ठिवंल आसं मला वाटलं, आन् ठिवला आसता तरी मी त्येला बोल लावला नसता.

मंग त्यो म्हणाला, "ये."

त्येच्या जागी मी आसते, तर म्हणले नसते.